जांभळा नीलम: खडा निवडण्यापासून अंगठीत बसवेपर्यंत

सराफाच्या दिव्याखाली आमसुली दिसलेला खडा घरी आणून खिडकीत धरला की गोकर्णाच्या फुलासारखा निळसर दिसतो. मग बिल शोधलं जातं, दुकानात फोन जातो, खडा बदलला म्हणून वाद होतो. बहुतेक वेळा खडा बदललेला नसतो, उजेड बदललेला असतो.

नीलम आणि माणिक हे दोन्ही एकाच खनिजाचे प्रकार, कुरुंदाचे. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि तो शुद्ध असेल तर बिनरंगी असतो. त्यात थोडं क्रोमियम मिसळलं की लाली येते, तेच माणिक. लोह आणि टायटेनियम जोडीने आलं की निळा नीलम. एकाच स्फटिकात हे दोन्ही आलं की जांभळा. म्हणजे तुमच्या हातातल्या खड्यात दोन रंग एकावर एक बसलेले असतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल किरण जास्त, म्हणून खड्यातली लाली वर येते. दिवसाच्या उजेडात निळा पुढे सरकतो. रंग निवडणं, पैलू तपासणं, रिपोर्ट वाचणं, सोनं ठरवणं या सगळ्यात हा दुहेरीपणा डोक्यात ठेवावा लागतो. निळ्या नीलमचे ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी रंगाचं नाव ठरवा

मराठीत 'जांभळा' म्हटलं की निळ्याकडे झुकणारा आणि लालीकडे झुकणारा, दोन्ही त्यात येतात. प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये मात्र निळ्याकडचा 'व्हायोलेट' आणि लालीकडचा 'पर्पल' असे वेगळे लिहिले जातात, त्याच्याही पुढे 'पर्पलिश पिंक' असतो. फोनवर दुकानदाराशी बोलताना नुसतं 'जांभळा' म्हणू नका. साड्यांचे रंग सांगा: वांगी, आमसुली, गुलबक्षी. कुठल्याही सराफाला ते लगेच कळतं. मनात असलेल्या रंगाचा ब्लाउजपीसचा तुकडा सोबत नेलात तर आणखी बरं.

राशीसाठी घेणार असाल तर एक गोष्ट खड्याच्याही आधी उरकून घ्या. लाली असलेल्या नीलमला बाजारात 'खुनी नीलम' किंवा 'रक्तांबरी' म्हणतात, आणि शनीसाठी तो चालतो की नाही यावर ज्योतिषांचं एकमत नाही. ज्याच्या सल्ल्याने घ्यायचा, त्याला आधी विचारा. दागिन्यात बसवलेला खडा दुकान सहसा परत घेत नाही.

माप: कॅरट, रत्ती, मिलिमीटर

१ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात वाद नाही. रत्तीत मात्र घोळ आहे. रत्नांच्या दुकानातली रत्ती साधारण ०.१८२ ग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरटची. सोनाराची जुनी रत्ती ०.१२१५ ग्रॅमची. 'सव्वापाच रत्ती' म्हणजे पहिल्या हिशेबाने सुमारे ४.७८ कॅरट. दर कॅरटला सांगितला असेल आणि वजन रत्तीत, तर तिथेच थांबा आणि दोन्ही कॅरटमध्ये लिहून मागा.

अंगठीत दिसतं ते वजन नाही, आकार. ७ बाय ५ मिलिमीटरचा अंडाकृती नीलम साधारण १ कॅरटचा भरतो, ८ बाय ६ चा दीड कॅरटच्या आसपास, ९ बाय ७ चा सव्वादोन-अडीच. यात बराच फरक पडू शकतो, कारण काही खडे पोटाशी फुगीर ठेवलेले असतात. २ कॅरटचा खडा जर जेमतेम ७ बाय ५ दिसत असेल, तर उरलेलं वजन अंगठीच्या आत लपणार आहे आणि त्याचे पैसे तुम्ही देणार आहात. म्हणून वजनाच्या बरोबरीने लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही मापं विचारा. खोली भागिले रुंदी केलं की ०.६ ते ०.८ च्या दरम्यान उत्तर यावं. त्यापुढे गेलं तर पोट सुटलेलं आहे.

रोज घालायच्या अंगठीसाठी दीड ते अडीच कॅरट बेताचं. त्याहून मोठा, गडद जांभळा खडा बोटावर संध्याकाळनंतर काळाच दिसतो. कानातल्यांसाठी जोडी जुळवणं अवघड, कारण दोन खडे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात. लोलकासाठी एकच खडा लागतो आणि तो आपटतही नाही. पहिला जांभळा नीलम घेणाऱ्याने लोलकापासून सुरुवात केली तर आमच्या मते शहाणपणाचं.

रंग बघायचा कसा

खडा सुटा बघायचा, जडवलेला नाही. तो पुसून घ्या, बोटाच्या तेलाचा थर रंग मारतो. चिमट्यात किंवा दोन बोटांच्या बेचक्यात धरा आणि हातभर अंतरावरून बघा. नाकाला लावून बघितलेला रंग कोणाला दिसणार आहे?

तीन उजेड लागतात. पहिला दिवसाचा: दुकानाच्या दारात या, सावलीत उभे राहा, थेट उन्हात नको. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ चांगली, पावसाळी ढगाळ दिवशी रंग थोडा जास्त निळसर दिसेल हे धरून चाला. दुसरा पांढऱ्या एलईडीचा, जो बहुतेक घरांत आणि ऑफिसांत असतो. तिसरा पिवळ्या बल्बचा, लग्नाच्या हॉलमधल्यासारखा. दुकानात पिवळा बल्ब नसेल तर २७०० केल्विनचा छोटा टॉर्च सोबत न्या. मोबाइलचा टॉर्च यासाठी चालत नाही, तो पांढरा असतो.

तिन्ही उजेडात खडा वेगळा दिसेल. प्रश्न असा की तिन्ही रूपं तुम्हाला आवडतात का. एका उजेडात सुरेख आणि दुसऱ्यात राखाडी-मळकट, असा खडा घेऊ नका. या जातीत राखाडी छटा हाच सर्वांत मोठा दोष, आणि दुकानाच्या प्रखर दिव्यांत तो झाकला जातो. पांढऱ्या कागदाच्या घडीवर खडा ठेवून, स्वतःच्या सावलीत बघितलं की मळकटपणा उघडा पडतो.

यानंतर खडा उलटा, म्हणजे वरचा सपाट पैलू खाली करून, पांढऱ्या कागदावर ठेवा. वरून उजेड पसरलेला हवा. एका कोपऱ्यात निळं साचलेलं आणि बाकी फिकट गुलाबी, असं दिसेल तर रंगाचे पट्टे आहेत. जांभळ्या नीलममध्ये हे सर्रास सापडतात. पट्टा खालच्या टोकाशी असेल तर समोरून सगळा खडा रंगलेला दिसतो, ही पैलू पाडणाऱ्याची करामत आहे आणि त्यात काही गैर नाही. पट्टा कडेला असेल आणि समोरून अर्धा खडा फिका दिसत असेल, तर भाव पडायला हवा.

अंडाकृती खड्याची दोन टोकं थोडी लालसर आणि मधला भाग निळसर, असंही दिसतं. हे पट्टे नव्हेत. कुरुंदातून वेगवेगळ्या दिशांनी बघितलं की वेगळा रंग दिसतो, हा त्या स्फटिकाचा स्वभाव आहे. स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने बघितलं की जांभळ्यात निळी झाक शुद्ध येते, आडवं बघितलं की लाली मिसळते. खडा झुलवल्यावर छटा सरकत असेल तर हा स्वभाव, एकाच जागी चिकटून राहत असेल तर पट्टा.

पैलू

छापील कागदावर खडा ठेवून वरून बघा. मधोमध अक्षरं दिसली तर उजेड खालून निसटतो आहे. याला बाजारात 'विंडो' म्हणतात. अंगठी घातल्यावर तिथून बोटाची कातडी दिसेल. खडा थोडा तिरपा केल्यावर विंडो दिसली तर चालतं, सरळ धरल्यावर नको. मधला एक चतुर्थांश भाग तसा असेल तर जयपूरसारख्या ठिकाणी पुन्हा पैलू पाडून घेता येतो, पण वजन घटतं आणि २.०५ कॅरटचा खडा १.८ वर आला की कॅरटचा दरही खालच्या टप्प्यात जातो. हा हिशेब सौदा व्हायच्या आधी करायचा.

उलट दोष म्हणजे काळे डाग: खडा हलवला तरी काही भाग काळाच राहतो. गडद खड्यात थोडं काळं असणारच. निम्म्याहून जास्त असेल तर सोडा.

बाजारात ज्याला आयग्लास म्हणतात त्या दहापट भिंगातून गर्डल, म्हणजे खड्याची कंबर, पूर्ण फिरवून बघा. सुरीसारखी पातळ कंबर बसवताना टवका देते. कुरुंदाची कठीणता मोहसच्या १ ते १० च्या मापावर ९ आहे, हिऱ्याखालोखाल, पण कठीण म्हणजे न तुटणारा नव्हे. ओरखडा पडणार नाही, टवका मात्र उडू शकतो.

हा नीलमच आहे का

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 'दिल्ली पर्पल सफायर' (सफायर म्हणजे नीलम) नावाचा शापित म्हणून प्रसिद्ध खडा आहे. १८५७ च्या धामधुमीत तो कानपूरच्या इंद्रमंदिरातून लुटला गेला अशी कथा त्याला चिकटलेली आहे. कथेचं जे असेल ते असो, खडा नीलम नाही, ॲमेथिस्ट म्हणजे जांभळा क्वार्ट्झ आहे. नावात 'सफायर' असल्याने काही सिद्ध होत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

ॲमेथिस्ट, टांझानाइट, जांभळा स्पिनेल, ऱ्होडोलाइट गार्नेट, रंगीत काच आणि झिरकॉन म्हणून विकली जाणारी क्युबिक झिरकोनिया ही नेहमीची सोंगं. सुटा खडा असेल तर यांतली बरीचशी घरी ओळखता येतात, ती घनतेवरून. एक मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा हवा. ०.०१ ग्रॅमचा काटा लहान खड्यासाठी पुरत नाही.

१. खडा कोरडा तोला. समजा ०.६०० ग्रॅम आला, म्हणजे ३ कॅरट.

२. लहान प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणाने खड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.

३. खडा बारीक नायलॉनच्या धाग्याला बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. हात थरथरत असेल तर पेल्यावर आडवी काडी धरणारा वेगळा स्टँड करा, काडी पेल्यावर टेकवू नका.

४. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा.

नीलमसाठी आकडा ०.१५० च्या जवळ येईल, भागाकार ४. तेवढ्याच वजनाच्या ॲमेथिस्टला ०.२२६ येतो, भागाकार २.६५. टांझानाइटला ०.१७९, स्पिनेलला ०.१६७. क्युबिक झिरकोनियाला ०.१०५ च्या आसपास. ऱ्होडोलाइट मात्र ०.१५६ देतो, तो फसवा. हाताच्या थरथरीने एवढा फरक सहज पडतो, म्हणून प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. आकडा पुन्हा पुन्हा वेगळा येत असेल तर नव्वद टक्के दोष बुडबुड्याचा किंवा लांब धाग्याचा.

ऱ्होडोलाइट आणि स्पिनेल वगळायला पोलराइज्ड गॉगल पुरतो. खड्यामागून पांढरा उजेड येऊ द्या, खडा आणि डोळा यांच्यामध्ये गॉगलची काच धरा आणि ती काच हळूहळू फिरवा. नीलमचा रंग निळसर जांभळ्यापासून लालसरकडे सरकतो. स्पिनेल, गार्नेट आणि काच जशीच्या तशी राहतात. बदल दिसला नाही तर लगेच निकाल देऊ नका, खडा आडवा-उभा वळवून पुन्हा बघा. मुख्य अक्षाच्या नेमक्या रेषेत बघत असाल तर खऱ्या नीलममध्येही बदल दिसत नाही.

या दोन्ही चाचण्या एका गोष्टीपुढे हात टेकतात: कारखान्यात बनवलेला कुरुंद. फ्रान्समध्ये व्हर्नॉयने ज्वालेत वितळवून कुरुंद करण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून तो बाजारात आहे. त्याची घनता तीच, कठीणता तीच, गॉगलमागे रंगही बदलतो. जत्रेतल्या टपरीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत 'अलेक्झांड्राइट' म्हणून विकला जाणारा, ट्यूबलाइटखाली निळसर-राखाडी आणि बल्बखाली जांभळट-गुलाबी होणारा खडा बहुतेक वेळा हाच, व्हॅनेडियम घातलेला. तोच कधी जांभळा नीलम म्हणूनही गळ्यात मारला जातो. भिंगाखाली त्यात वक्र रेषा दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि कधी गोल बुडबुडे. खाणीतल्या खड्यातल्या वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात. पण व्यवस्थित बनवलेल्या खड्यात वक्र रेषा शोधायला सरावलेला डोळाही चुकतो. मोठा, आरशासारखा स्वच्छ आणि स्वस्त, हे तिन्ही एकत्र दिसलं की घरी चाचण्या करत बसू नका. थेट प्रयोगशाळा.

तापवलेला की न तापवलेला

बाजारात येणारे बहुतेक नीलम भट्टीत तापवलेले असतात. निळ्या नीलममध्ये रंग वाढवायला ते करतात, दीड हजार अंश सेल्सियसच्या वरही नेतात. जांभळ्याचं गणित उलटं आहे. हवेत, त्यामानाने कमी तापमानाला, हजार अंशांच्या आत तापवलं तरी त्यातली निळी झाक उतरते आणि खडा गुलाबी होतो. श्रीलंकेत कोळशाच्या शेगडीवर फुंकणीने हवा देऊन माणकातला आणि गुलाबी खड्यातला निळेपणा काढण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. १९९८ मध्ये मादागास्करच्या इलाकाका भागात खाणी सापडल्यानंतर गुलाबी आणि जांभळा माल मोठ्या प्रमाणात येऊ लागला, त्यातलाही पुष्कळ जांभळा कच्चा माल गुलाबी करायला भट्टीत जातो.

याचा तुमच्या खिशाशी संबंध असा: जो खडा आज जांभळा उरला आहे तो न तापवलेला असण्याची शक्यता निळ्या नीलमपेक्षा जास्त. न तापवलेला निळा नीलम दुर्मीळ म्हणून महाग. तोच हिशेब लावून कोणी जांभळ्यासाठी दुप्पट मागत असेल तर मान्य करू नका. थोडं जास्त द्या, तेही प्रयोगशाळेचा कागद असेल तर. आमचं मत विचाराल तर या खड्यात रंगाला पहिला मान, न तापवल्याला दुसरा.

सरळ तापवणं टिकाऊ असतं, रंग परत जात नाही. टाळायचा तो प्रकार म्हणजे भेगांत शिशाची काच भरलेला खडा. भिंगाखाली भेगांमधून निळी चमक पळताना दिसते, चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा लिंबाच्या रसानेही खराब होतो, आणि सोनाराच्या तेजाबात तर वाटच लागते.

रिपोर्ट कसा वाचायचा

रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी मुंबईत जीआयए, आयजीआय आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहेत, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी आहे. फार महागड्या खड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ आणि ग्युबेलिनचे कागद चालतात. दुकानानेच छापलेलं कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे.

कागदावर पाच जागा बघायच्या. खनिज: 'नॅचरल कोरंडम', म्हणजे नैसर्गिक कुरुंद, लिहिलेलं हवं. प्रकार: सफायर किंवा पर्पल सफायर. वजन आणि तिन्ही मापं: प्लास्टिकच्या जबड्याच्या डिजिटल कॅलिपरने स्वतः मोजून ताडून बघा, दुसऱ्याच खड्याचा कागद जोडलेला असणं ही जुनी युक्ती आहे. रिपोर्टचा नंबर: प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आणि शेवटी शेरा, जिथे लोक बघतच नाहीत. तापवल्याबद्दलचं वाक्य तिथे असतं. 'नॅचरल' या शब्दाचा अर्थ खाणीतला एवढाच, न तापवलेला असा नाही. शेऱ्याची जागा रिकामी असेल तर न तापवलेला असं समजू नका, ती तपासणी केलीच नसेल.

'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' ही भाषा मुद्दाम जपून वापरलेली असते: खुणा सापडल्या नाहीत, एवढंच त्यात म्हटलं आहे. कमी तापमानाला तापवलेला खडा पकडणं प्रयोगशाळेलाही कठीण जातं, आणि जांभळ्या-गुलाबी मालात नेमकं हेच तापवणं चालतं. श्रीलंका की मादागास्कर, हे मूळस्थानही मत म्हणून दिलेलं असतं. जांभळ्या नीलममध्ये त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

सुटा खडा असतानाच रिपोर्ट करून घ्या. जडवल्यावर वजन अंदाजाने लिहितात आणि खालची बाजू नीट तपासता येत नाही.

सोनं आणि कोंदण

सुटा खडा घेऊन दिवसाच्या उजेडात एकदा पिवळ्या सोन्याच्या वळ्यावर आणि एकदा पांढऱ्या सोन्याच्या किंवा चांदीच्या वळ्यावर धरून बघा. पिवळं सोनं कडेने ऊब देतं, आमसुली खड्याला ते खुलवतं. निळसर खडा पांढऱ्यावर जास्त उठून दिसतो. फिकट गुलाबी-जांभळा खडा पिवळ्यात बसवला की कधी तपकिरी छटा पकडतो. त्याला रोझ गोल्ड किंवा पांढरं बरं.

आपल्याकडे घरात २२ कॅरटशिवाय दुसरं सोनं मानत नाहीत, पण २२ कॅरट मऊ असतं आणि त्याची बारीक प्रॉंग, म्हणजे खडा धरणारी नखं, कपड्यात अडकून उचकटतात. प्रॉंग हव्या असतील तर १८ कॅरट घ्या. २२ च हवं असेल तर कडेने पूर्ण बंद होणारं कोंदण करून घ्या, भिंत पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड. दीड-दोन कॅरटच्या खड्याला चार प्रॉंग, प्रत्येकी साधारण १ मिलिमीटर जाडीच्या, पुरतात. पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराला टोकाशी 'व्ही' आकाराची प्रॉंग मागा, टोक उघडं राहिलं की पहिला टवका तिथेच उडतो.

खालची बाजू उघडी ठेवायला सांगा. कुंदनच्या कामासारखं मागून बंद केलं तर उजेड फिरत नाही, गडद जांभळा काळा पडतो आणि पुढे कोणाला खडा तपासताही येत नाही. खड्याचं खालचं टोक वळ्याच्या आतल्या बाजूने बाहेर येता कामा नये, ते बोटाला टोचतं आणि टेबलावर अंगठी ठेवली की आपटतं.

कारागिराशी बोलताना एक सूचना लिहूनच द्या: डाख देण्याची सगळी कामं खडा बसवायच्या आधी. पुढे अंगठीचं माप बदलायचं झालं तरी खडा काढूनच. 'नीलम आहे, आगीला घाबरत नाही' असं उत्तर मिळेल. आगीला तो घाबरत नाहीही, पण डाख देताना लावलेला टाकणखार तापलेल्या कुरुंदाचा पृष्ठभाग खातो. खडा थंड झाल्यावर पैलूंवर धुरकट, खरबरीत डाग दिसतात, पुसून जात नाहीत, पुन्हा पॉलिश करावं लागतं. आणि आत भेग असेल तर तापलेली अंगठी पाण्यात बुडवताक्षणी ती पुढे पळते.

दागिना हातात आल्यावर तिथेच तपासा. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, खुळखुळ आली तर खडा सैल आहे. कापूस प्रॉंगवरून हलकेच फिरवा, तंतू अडकला तर ते नख नीट दाबलेलं नाही. भिंगातून बघा की प्रत्येक प्रॉंग खड्याला टेकली आहे, मध्ये फट नाही.

बिल

सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, घडणावळ आणि जीएसटी, चारही ओळी वेगळ्या हव्यात. ३ कॅरटचा खडा ०.६ ग्रॅमचा असतो. एकूण वजनाला सोन्याचा दर लावला तर तेवढ्या सोन्याचे पैसे खड्यावर दुसऱ्यांदा गेले. खड्याच्या ओळीत 'नैसर्गिक जांभळा नीलम', कॅरट आणि रिपोर्ट नंबर लिहून घ्या. नुसतं 'कलर स्टोन' लिहिलेलं बिल पुढे भांडायला उपयोगी पडत नाही. वळ्याच्या आत बीआयएसची हॉलमार्कची खूण, शुद्धता (१८ कॅरटला ७५०, २२ ला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दुकानातच पडताळा.

घरी

'खड्याचा रंग गेला' ही तक्रार घेऊन येणाऱ्या अंगठ्यांमध्ये बहुतेक वेळा खालून कणीक, तेल आणि साबणाचा थर बसलेला असतो. मागून उजेड शिरत नाही, म्हणून समोरून खडा मेल्यासारखा वाटतो. कणीक मळताना अंगठी काढून ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी दहा मिनिटं बुडवा, मऊ टूथब्रशने खालच्या बाजूने घासा, साध्या पाण्यात खळबळून सुती फडक्यावर वाळवा. टूथपेस्ट नको, खड्याला काही होत नाही पण सोन्यावर ओरखडे पडतात. ब्लीच आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन डाखाचे सांधे कमकुवत करतं. अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये साधा तापवलेला खडा चालतो. भेगा असलेला किंवा काच भरलेला चालत नाही.

डबीत हिऱ्याच्या अंगठीशेजारी ठेवू नका, हिरा नीलमला ओरखडतो आणि नीलम मोत्याला. वर्षातून एकदा प्रॉंग दाखवून आणा. आणि धुताना बेसिनच्या जाळीवर आधी फडकं टाका.